गळा, घसा, कंठ आणि नरडं

पुण्यात मला पहिल्यांदा कोणी दुरुस्त केलं ते जिन्याच्या तळाशी, दोन्ही हातांत बॅगा असताना.

मी यवतमाळकडची. हिंजवडीत नोकरी लागली होती आणि कोथरूडच्या एका सोसायटीत, पहिल्या मजल्यावर, एका वयस्क जोडप्याकडे खोली मिळाली होती. फाटकापाशी पोचून मी खालूनच दोनतीनदा ओरडले. खिडकी उघडी होती, पण कोणी डोकावलं नाही. शेवटी बॅगा उचलून जिन्याकडे आले तर घरमालक पायरीवर उभे. पांढरा लेंगा, इस्त्रीचा शर्ट, जाड भिंगांचा चष्मा.

"काका, मी केव्हाची आवाज देतेय," मी म्हणाले.

"ऐकलं," ते म्हणाले. "पण आपण आवाज देत होतात. हाक मारली असतीत तर आलो असतो."

मला वाटलं, गंमत करताहेत. चेहरा बघितला तर गमतीची खूण कुठे नव्हती.

"आवाज मिक्सरला असतो," ते बॅगेकडे बघत म्हणाले, "फटाक्याला असतो, पडलेल्या भांड्याला असतो. माणूस हाक मारतो. लांबून असेल तर साद घालतो. फारच लांबून असेल तर आरोळी ठोकतो. आपण फाटकापाशी होतात, तेव्हा हाक पुरे होती. या वर."

बॅग मात्र त्यांनी उचलली नाही. भाषेपुरतीच मदत होती.

त्या घरात मी तीन वर्षं राहिले. या माणसाचं नाव मी लिहीत नाही, कारण आपलं नाव छापून आलं तर ते शुद्धलेखन तपासायला बसतील. ते निवृत्त होण्याआधी कोर्टात भाषांतरकार होते. मराठीत नोंदलेले जबाब वरच्या कोर्टात जाताना इंग्रजीत करावे लागत, ते त्यांचं काम. आयुष्यभर दुसऱ्यांची भांडणं एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेऊन ठेवली, आणि या वाहतुकीत माल किती फुटतो याचा हिशेब ते अजून करत होते.

"साहेबांच्या भाषेत एक शाउट आहे," ते म्हणायचे. "आपल्याकडे माणूस ओरडतो, खेकसतो, डाफरतो, दरडावतो, खडसावतो, किंचाळतो. सगळ्यांना एकाच रांगेत उभं करायचं आणि एकच टोपी घालायची."

इंग्रजीतही असे वेगवेगळे शब्द असतील की, असं मी एकदा म्हणून पाहिलं.

"असतील," ते म्हणाले. "साहेबांना तेवढाच कळायचा."

माझ्या नोकरीची चौकशी त्यांनी दुसऱ्या दिवशी केली. मी सांगितलं, 'व्हॉईस प्रोसेस'. परदेशातल्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी फोनवर ऐकायच्या आणि शांतपणे उत्तरं द्यायची.

"म्हणजे आवाजावर प्रक्रिया," ते म्हणाले. "लोणच्यासारखी?"

मी सांगितलं की आम्हाला बोलताना हसायचं शिकवतात. चेहरा दिसत नाही, पण हसू ऐकू जातं, असं ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. यावर ते म्हणाले, "हे मात्र खरं आहे. कोणी शोधून काढलं?" त्यानंतर कंपनीची बस चुकली की ते मला उशीर झाल्याबद्दल बोलत नसत, "आज हसणार कधी?" एवढंच विचारत.

त्यांचं लाडकं प्रवचन एका नळीबद्दल होतं. माणसाच्या मानेत एकच नळी आहे आणि मराठीनं तिला चार नावं दिली आहेत, असं ते सांगत. गाणाऱ्याचा गळा, आजाऱ्याचा घसा, भरून येतो तो कंठ, आणि भांडताना ताणलं जातं ते नरडं. या चौघांच्या हद्दी त्यांनी आखून दिल्या होत्या आणि कोणी कुंपण ओलांडलं की ते लगेच बाहेर येत. एकदा थंडीत त्यांना फार खोकला झाला म्हणून मी डॉक्टरांकडे घेऊन गेले. तरुण डॉक्टर, मन लावून तपासणारे. म्हणाले, "आजोबा, गळा दुखतोय का?"

"गळा नाही," काका घोगऱ्या स्वरात म्हणाले. "गळा मला कधीच नव्हता. घसा दुखतोय."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"आणि आवाज बसलाय," डॉक्टर म्हणाले.

"बसलाय हे मान्य. इथे आवाज चालेल."

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि बोलणं कमी करा म्हणून सांगितलं. घरी येऊन काकांनी ते पाळलं. दोन दिवस ते आम्हाला नुसते हातानं दुरुस्त करत होते.

सकाळचा त्यांचा वेळ खिडकीत जायचा. डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशन करून घ्या म्हटलं की "पाहण्यासारखं काही उरलं असेल तर सांगा" म्हणायचे. त्यामुळे खिडकीतून त्यांना दिसत काहीच नसे, ते ऐकत बसत. भाजीवाल्यानं हातगाडीवर कर्णा बसवून आपलीच ओरड टेप करून लावायला सुरुवात केली तेव्हा त्यांना खरोखर वाईट वाटलं. "स्वतः उभा आहे तिथे," ते म्हणाले, "आणि आरोळी भाड्यानं आणलीय." दोन दिवस त्यांनी त्याची भाजी घेऊ दिली नाही. तिसऱ्या दिवशी काकू खाली जाऊन मेथी घेऊन आल्या.

काकूंबद्दल सांगायला हवं. काकूंना ऐकू येत नसे. अगदीच येत नसे असं नाही, पण जवळ येऊन, तोंडाकडे बघू देऊन बोलावं लागे. कानात घालायचं यंत्र कपाटात होतं. ते लावलं की फ्रीजचा आवाज ऐकू येतो आणि यांचाही, दोन्हींची सवय नाही आता, असं त्या म्हणत. माणसाच्या स्वराच्या इतक्या छटा जपणाऱ्या माणसाच्या घरात कुजबुज आणि आरोळी यांची किंमत एक होऊन बसली होती. काकांना जे काही सांगायचं ते साऱ्या सोसायटीला ऐकू जाईल इतक्या जोरात सांगावं लागे. "मीठ कमी आहे" हे वाक्य ते एखाद्या घोषणेसारखं उच्चारत, आणि वर मला हळूच सांगत, "मी चिडलेलो नाही. हे नुसतं सांगणं आहे. तुझा गैरसमज नको."

"तिचा होत नाही का?" मी एकदा विचारलं.

"तिचा कसा होईल? ती चेहरा बघते."

आता वॉचमनचं.

आमच्या फाटकावर महादेव नावाचा वॉचमन होता. लोणी काळभोरच्याही पलीकडच्या एका गावचा. एजन्सीनं पाठवलेला, तिशीतला, उंच, फारसं न बोलणारा. काकांचं त्याच्याशी जमत असे, कारण तो पहिल्या मजल्याला खालून हाक मारायचा आणि ती ते म्हणतात तशीच मारायचा. "काकाऽ, गॅसवाला आलाय." काका मला म्हणायचे, "ऐक. याला म्हणतात हाक. नावाच्या शेवटी थोडी मोकळी जागा ठेवलीय, आपण 'ओ' म्हणावं म्हणून."

एका रविवारी सकाळी मी आंघोळीला गेले होते. बाहेर आले तर खाली गलका चाललेला. सोसायटीचे अध्यक्ष, बँकेतून निवृत्त झालेले सज्जन गृहस्थ, पार्किंगमध्ये उभे राहून चारपाच जणांना काही सांगत होते. महादेव फाटकावर नव्हता.

कळलं ते असं. अध्यक्ष फिरून परत आले तेव्हा फाटक सताड उघडं आणि महादेव भिंतीशी फोनवर. अध्यक्षांनी त्याला हटकलं. तो ऐकेना म्हणून पुन्हा बोलले, जरा चढूनच. त्यावर तो त्यांच्या अंगावर जोरात ओरडला, त्यांना धक्का देऊन रस्त्यावर पळाला आणि रिक्षात बसून निघून गेला. आता त्याचा फोन बंद लागत होता. अध्यक्ष घाबरले होते, आणि घाबरल्याची लाज वाटत असल्यामुळे चिडलेही होते. संध्याकाळी तातडीची सभा ठरली.

सभा पार्किंगमध्येच, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. काका सहसा सभेला जात नसत. त्या दिवशी धोतर नेसून निघाले. ते धोतर मी तोवर फक्त दिवाळीत पाहिलं होतं. मला म्हणाले, "चल, हात धर. उजेड कमी आहे."

चिटणीस बाईंनी पोलिसांना द्यायच्या तक्रारीचा मजकूर वाचून दाखवला. सुरक्षारक्षक अध्यक्षांच्या अंगावर ओरडून धावून आला व त्यानं धक्काबुक्की केली, म्हणून त्याच्यावर कारवाई व्हावी, आणि एजन्सीनं त्याला कामावरून काढून टाकावं. कोणाची हरकत आहे का, असं त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं. रीतीप्रमाणे कोणाची नसते.

"माझी शंका आहे," काका म्हणाले.

मागच्या रांगेत कोणीतरी सुस्कारा सोडला. गेल्या सभेत काकांनी 'पाणी जपून वापरा' या पाटीवर बराच वेळ घेतला होता.

"काय ओरडला तो?" काकांनी अध्यक्षांना विचारलं.

"काय म्हणजे? ओरडला."

"शब्द काय होते?"

"शब्द कसले! नुसता ओरडला."

"शिवी दिली?"

"नाही. शिवी नाही दिली."

"बघून घेईन, वगैरे?"

"नाही हो. सांगतोय ना, नुसता तोंड उघडून ओरडला!"

"अहो, मग ते दम देणं नव्हतं," काका म्हणाले. "दम द्यायला शब्द लागतात. दरडावायला लागतात. शिवी तर शब्दाशिवाय होतच नाही. माणूस दुसऱ्याच्या अंगावर ओरडतो तेव्हा काहीतरी म्हणतो, निदान 'ए' तरी म्हणतो. शब्दांवाचून माणूस ओरडतो तो आपल्या स्वतःसाठी."

"काका, हा काही मराठीचा तास नाही," कोणीतरी म्हणालं. थोडे लोक हसले.

"नाही ना. तास असता तर मी चूक काढून घरी गेलो असतो." काकांनी माझा हात घट्ट धरला होता. "फोन त्याच्या कानाला होता का, त्या वेळी?"

"होता. त्यासाठीच तर मी बोललो."

"धावून आला म्हणता. तुमच्यापर्यंत येऊन थांबला?"

अध्यक्ष क्षणभर घुटमळले. माणूस खोटा नव्हता. "थांबला नाही. मला लागून तसाच पुढे गेला. फाटकाबाहेर."

"म्हणजे अंगावर नाही आला. अंगावरून गेला."

आता कोणी हसलं नाही.

"बाई, लिहा," काका चिटणीसांना म्हणाले. "फोनवर काहीतरी ऐकून त्यानं हंबरडा फोडला आणि तो फाटकाबाहेर धावला. वाटेत अध्यक्ष उभे होते. हे लिहा, मग माझी हरकत नाही."

"तुम्ही पाहिलंत का हे?" अध्यक्षांच्या शेजारचे गृहस्थ उठले. "तुम्हाला तर दिसतही नाही नीट."

"दिसत नाही," काका म्हणाले. "ऐकलं."

मग चिटणीस बाईंनी, भांडण वाढू नये म्हणून असेल, एजन्सीच्या सुपरवायझरला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावा म्हणून स्पीकरवर टाकला. पलीकडून पहिलंच वाक्य आलं, "हां मॅडम, उद्या सकाळी बदली माणूस देतो, आज कोणी मिळालं नाही. महादेवचा धाकटा भाऊ गेला ना. सोलापूर रोडला ट्रॅक्टरखाली. सकाळीच फोन आला त्याला. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल, तुमच्या गेटवरच होता तो."

फोन ठेवला गेला. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

शेवटी तेच शेजारचे गृहस्थ म्हणाले, "पण मग हे सांगायचं नाही का त्यानं?"

"सांगितलं की," काका म्हणाले. "केवढ्यानं सांगितलं, ते तुम्हीच तक्रारीत लिहिलंय."

तक्रार फाडली गेली. श्रद्धांजली म्हणून सगळे दोन मिनिटं उभे राहिले, आणि लोक जमलेच आहेत तर कबुतरांच्या जाळ्यांचा विषय घेऊन टाकू, असं ठरलं. त्यावर मात्र शब्दांसकट पुष्कळ आरडाओरडा झाला. आम्ही तोवर जिना चढत होतो.

वर आल्यावर काका खुर्चीत बसले आणि पाणी मागितलं. मी म्हणाले, "काका, कमाल आहे तुमच्या कानांची. नुसतं ऐकून हंबरडा कसा ओळखलात?"

"ओळखला नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"मी आतल्या खोलीत होतो, मला नुसती ओरड ऐकू आली. भांडणाची असेल असंच वाटलं. ही खिडकीत होती." त्यांनी काकूंकडे बोट दाखवलं. काकू ताटं घेत होत्या, त्यांचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. "हिला ऐकू काहीच आलं नाही. हिनं तोंड पाहिलं त्याचं. आत येऊन मला म्हणाली, महादेवचं कोणीतरी गेलं हो. मी म्हटलं, कशावरून? तर म्हणाली, माझा भाऊ गेला तेव्हा आईचं तोंड असंच झालं होतं."

"मग सभेत सांगायचं ना, काकूंनी पाहिलंय म्हणून."

"आणि तिला उभं करायचं? कोण काय विचारतंय ते तिला कळलं नसतं, लोक हसले असते. मला हसतात ते चालतं." ते पाणी प्यायले. "तिनं पाहिलं. मी भाषांतर केलं. आयुष्यभर तेच तर केलं."

मग थोड्या वेळानं, मी न विचारता, त्यांनी एक गोष्ट सांगितली. नोकरीतल्या सुरुवातीच्या दिवसांतली. एक मारामारीचं प्रकरण होतं, माणूस दगावलेला. साक्ष देणारी बाई विदर्भातली, इथे बांधकामावर आलेली. तिनं जबाबात सांगितलं होतं, यानं त्याला आवाज दिला तसा तो बाहेर आला.

"म्हणजे हाक मारली," मी म्हणाले.

"तुला कळलं. मला कळलं नव्हतं. मी म्हटलं, ही काही मराठी नाही, आणि ज्या अर्थी नाही त्या अर्थी काहीतरी वाईटच असणार. इंग्रजीत लिहिलं, आव्हान देऊन बाहेर बोलावलं. जामिनाचा अर्ज वर गेला होता. वरच्या साहेबांनी माझं इंग्रजी वाचलं आणि अर्ज फेटाळला."

"मग?"

"मग येरवडा. खटला उभा राहीपर्यंत आत. खटल्यात त्याच्या वकिलानं मूळ जबाब वाचून दाखवला. वकील तुमच्याकडचा निघाला. त्या माणसानं शेजारी म्हणून हाक मारली होती, मारणारा तिसराच होता. सुटला तो."

"सुटला ना, चांगलं झालं."

"हो. आत गेला तेव्हा मुलगी त्याची रांगत होती. सुटला त्या दिवशी कोर्टाच्या आवारात ती त्याला 'अहो' म्हणत होती. मी जिन्यात उभा होतो, मला ऐकू आलं."

काकूंनी ताट पुढे ठेवलं आणि काय बोलताय इतकं, असं खुणेनं विचारलं. "काही नाही!" काका ओरडून म्हणाले. नुसतं सांगणं होतं ते, चिडलेले नव्हते.

इतकं सांगून झाल्यावर माझ्या आवाज देण्याला तरी परवानगी मिळेल असं मला वाटलं होतं. मिळाली नाही. पुढच्याच आठवड्यात मी फोनवर आईला 'बाबांना आवाज दे' म्हणाले तर आतून खाकरणं आलं. "आमच्याकडे चालतं, काका." "चालतं," ते म्हणाले, "तुमच्याकडे. इथून फोन लावलायस."

महादेव सगळे विधी आटोपून परत आला. डोकं भादरलेलं, अंगावर तोच निळा युनिफॉर्म. सभेत काय झालं हे त्याला कोणी सांगितलं असेल असं वाटत नाही. मी बससाठी निघाले होते, थांबून विचारलं, "कसे आहात?" म्हणाला, "बरं हाय ताई. आई जेवत न्हाई अजून." आणि माझ्यासाठी फाटक उघडायला वळला.

तेवढ्यात अध्यक्ष खाली आले. त्यांच्या हातात पिशवी होती, दूध आणायला निघाले असावेत. महादेवला बघून थांबले, दोन पावलं मागे गेले, मग पिशवी दुसऱ्या हातात घेऊन त्याच्याजवळ आले. मी तोवर रस्ता ओलांडला होता. एवढं दिसलं की अध्यक्ष काहीतरी बोलताहेत, बराच वेळ बोलताहेत, आणि महादेव खाली मान घालून ऐकतोय. मग महादेव काहीतरी म्हणाला. अध्यक्षांनी त्याच्या दंडावर हात ठेवला. पहिल्या मजल्याच्या खिडकीत, दोघांच्या बरोबर डोक्यावर, काका बसलेले होते. माझी बस आली.

दिवसभर फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकताना माझं मन त्या फाटकापाशी होतं. संध्याकाळी घरी आल्या आल्या मी चपलाही न काढता विचारलं, "काका, सकाळी अध्यक्ष काय म्हणाले हो महादेवला? माफी मागितली का?"

काका पेपर डोळ्यांजवळ धरून बसले होते.

"ऐकू आलं नाही," ते म्हणाले, आणि चहात साखर कमी पडल्याचं काकूंना सांगायला आत गेले.